राष्ट्रपतीच्या निवडीवर आक्षेप घ्यायला आपण कोण?

पानठेल्यावरचा (जि. अमरावती)

आमच्या वार्डात एक जण ४ मतांनी पडला. तो मुकाट घरी बसला, पण त्याच्या शेजाऱ्याने १५ दिवसांच्या आत तालुक्याच्या कोर्टात अर्ज टाकला. शेजारी ना उमेदवार, ना कोणत्या पॅनेलचा. यादीत नाव होतं, एवढंच. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १५ ला तेवढं पुरतं. आमदाराच्या निवडीविरुद्धही त्या मतदारसंघातला कोणीही मतदार ४५ दिवसांत हायकोर्टात जाऊ शकतो.

आता राष्ट्रपती. घटनेचं कलम ७१ म्हणतं, या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयच ऐकेल आणि त्याचा निकाल अंतिम. ठीक. पण १९५२ च्या कायद्यानुसार तिथे याचिका करायची ती उमेदवाराने, नाही तर किमान २० खासदार-आमदारांनी मिळून. मुदत ३० दिवस.

नागपूरच्या डॉ. ना. भा. खऱ्यांनी १९५७ मध्ये हे दार वाजवून पाहिलं होतं. हिमाचल-पंजाबातल्या काही जागांची निवडणूक बाकी आहे, तोवर राष्ट्रपतीची निवडणूक थांबवा, असं त्यांचं म्हणणं. कोर्ट म्हणालं, आधी निवडणूक पुरी होऊ द्या. पुरी झाल्यावर ते पुन्हा गेले, तर उत्तर मिळालं की कायद्याने ज्यांना हक्क दिला त्यांत तुम्ही बसत नाही. जो माणूस कधीकाळी मध्यप्रांत-वऱ्हाडचं सरकार चालवत होता त्याची ही गत, तर आपण कोण?

काळा कोट

तुम्ही मतदारच नाही, हा साधा मुद्दा सुटला तुमच्याकडून. शेजारी मतदार होता म्हणून कोर्टात गेला. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मतदार म्हणजे निवडून आलेले आमदार-खासदार. दर्यापूरच्या वार्डाविरुद्ध चिखलदऱ्याचा माणूस अर्ज करू शकतो का? नाही. मग तत्त्व तेच राहिलं की.

शिवाय दार उघडं ठेवलं की काय होतं तेही बघा. चरणलाल साहू नावाचे वकील होते. फखरुद्दीन अली अहमद, संजीव रेड्डी, झैलसिंग, तिघांच्याही निवडीविरुद्ध ते कोर्टात गेले. झैलसिंगांच्या वेळी कोर्टाने सरळ सांगितलं की तुमचा उमेदवारी अर्जच वैध नव्हता, म्हणजे तुम्ही उमेदवारही नाही.

पानठेल्यावरचा

मतदार नाही, हे मान्य. तिथे चुकलोच मी. पण मग २० कशाला? गावात एकटा मतदार पुरतो. इथे मेळघाटच्या आमदाराला काही खटकलं, तर त्याने आणखी १९ जण गोळा करायचे? आधी हा आकडा १० होता, १९७४ मध्ये २० केला. उमेदवारीचंही तसंच. तेव्हा १० सूचक आणि १० अनुमोदक लागत, १९९७ पासून ५० आणि ५०. अनामत २,५०० ची १५,००० झाली. हौशी लोकांना आवरायला केलं म्हणतात. पण कुंपण घातलं की फक्त डुकरंच बाहेर राहतात का? घरची गायही अडते.

इदर्भी गडी

भाऊ, तुमी कायले एवढे तापून रायले? इथं सोयाबीन सोंगाले मजूर भेटून नाई रायला अन् तुमाले दिल्लीची पडली. राष्ट्रपतीले कोर्टात ओढून कोनाचं भलं झालं?

मोर्शीची मास्तरीण

गडीभाऊ, ओढलंय की. १९६९ ला राष्ट्रपतीच्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी जिंकले, पण दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. गिरींना ४,२०,०७७ आणि रेड्डींना ४,०५,४२७. तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. रेड्डींची बदनामी करणारं एक निनावी पत्रक खासदारांमध्ये वाटलं गेलं होतं, त्यावरून याचिका झाल्या. आणि गिरी राष्ट्रपती असताना स्वतः कोर्टात साक्ष द्यायला गेले! पत्रकामागे त्यांची संमती होती हे सिद्ध झालं नाही, १९७० मध्ये याचिका फेटाळल्या. (त्याच १९६९ मध्ये महिनाभर काळजीवाहू राष्ट्रपती होते ते सरन्यायाधीश हिदायतुल्ला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. मी हे वर्गात सांगितल्याशिवाय राहत नाही.)

मुलं हमखास विचारतात, निवड रद्द झाली तर त्या राष्ट्रपतीने केलेल्या सह्यांचं काय? त्या शाबूत राहतात. कलम ७१ मध्येच तशी सोय आहे. अर्थात आजवर कुणाचीच निवड रद्द झालेली नाही.

माझी तक्रार पानठेलेवाल्यांपेक्षा वेगळी आहे. २०१२ ला पी. ए. संगमा स्वतः उमेदवार होते, म्हणजे कुंपणाच्या आतले. प्रणव मुखर्जी भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष आहेत, ते लाभाचं पद आहे, म्हणून ते उमेदवारच होऊ शकत नाहीत, असा संगमांचा आक्षेप. मुखर्जी म्हणाले, राजीनामा आधीच दिलाय. पाच न्यायाधीशांपैकी तिघांनी प्राथमिक टप्प्यावरच याचिका निकाली काढली, न्या. चेलमेश्वर आणि न्या. गोगोई म्हणाले, पूर्ण सुनावणी व्हायला हवी. ३ विरुद्ध २! अशा वेळी पुरावे, साक्षी, उलटतपासणी का नको? गिरींच्या वेळी झालंच ना?

काळा कोट

कारण पायाच कच्चा असेल तर राष्ट्रपतीच्या खुर्चीवर वर्षभर टांगती तलवार ठेवू नये. ५ डिसेंबर २०१२ ला निकाल लागला, निवडीनंतर पाच महिन्यांच्या आत. आणि कोर्टाचं दार खरंच बंद झालं तेव्हाचं विसरू नका. १९७५ च्या ३९ व्या घटनादुरुस्तीने हे वाद सर्वोच्च न्यायालयाच्या हातून काढले होते. ४४ व्या दुरुस्तीने परत दिले. त्यापुढे तुमचा वीसचा आकडा काहीच नाही.

मोर्शीची मास्तरीण

तेव्हा दार बंद होतं म्हणून आता अर्धं उघडलं तरी आभार मानायचे, असं काही मी मानत नाही.

इदर्भी गडी

ते जाऊ द्या. पानठेलेवाले भाऊ, त्या ४ मताच्या अर्जाचं काय झालं मंग?

पानठेल्यावरचा

तारखा चालू आहेत. पंचायतीची मुदत पुढच्या साली संपते.

काळा कोट

बघा. आणि मास्तरीणबाई म्हणतात, राष्ट्रपतीचाही निकाल असाच सावकाश लावा.

मोर्शीची मास्तरीण

सावकाश कोण म्हणालं? पूर्ण ऐकून घ्या म्हटलं मी.