दुपारी मीटर लावून हीटरला मेलेला ठरवू नका

थंडीत डिझेल गरम करणारा फिल्टरचा हीटर तपासताना मल्टिमीटरवर काटा हलत नाही म्हणजे तो जळाला, अख्खं फिल्टर हाउसिंगच (फिल्टरचा डबा) बदला, हे या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय. मीही तेच करून बसणार होतो. पण आमच्या पिकअपच्या हीटरमध्ये थर्मल स्विच (तापमानावर चालणारा स्विच) आहे, तो गारठ्यातच जुळतो, एरवी सर्किट तुटलेलं असतं. विदर्भात दुपारच्या उन्हात तपासाल तर चांगला हीटरसुद्धा मेलेलाच दिसणार! मी तो काढून पन्नीत गुंडाळला, अर्धा तास बर्फाच्या डब्यात ठेवला आणि मग मीटर लावला, तर एक-दीड ओम दाखवला. म्हणजे हीटर ठणठणीत. दोष निघाला कनेक्टरमध्ये, पिनांवर हिरवा गंज चढलेला. नवा कनेक्टर लावला, काम झालं. हीटर बसवताना ओ-रिंग (रबरी कडी) मात्र नवीच टाका आणि फिल्टरवरच्या हातपंपाने डिझेलच्या लाइनमधली हवा काढा, नाहीतर गाडी पुन्हा रुसेल. फ्यूज वारंवार उडत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आत शॉर्ट असू शकतो.

आणि वरूडहून पहाटे संत्री भरून निघालेली गाडी दोन किलोमीटरवर दम टाकते, त्याला दरवेळी हीटरच जबाबदार नसतो. उन्हाळ्यात विकल्या जाणाऱ्या डिझेलला गोठण्याची मर्यादा १५ अंश सेल्सिअसपर्यंत चालते, हिवाळ्यातल्याला ३ पर्यंतच. ड्रममध्ये मे महिन्यापासून साठवलेलं डिझेल जानेवारीत ओतलं की गारठ्याने त्यातलं मेण घट्ट होऊन फिल्टरमध्ये अडकणारच. त्यावर रॉकेल मिसळायचा सल्ला कुणीतरी दिलाय, तो कृपया ऐकू नका. रॉकेलात वंगण कमी, बीएस-६ गाडीचा पंप त्यात घासला जातो.