खेळाच्या तासाला आउट झालेल्या पोरांनी करायचं काय?

चौथीची_बाई
नमस्कार मंडळी. जि.प. शाळेत चौथीला शिकवते, वर्गात 38 पोरं. प्राथमिकला पीटीचे वेगळे सर नसतात, वर्गशिक्षकच तो तास घेतात, त्यामुळे मीही इतकी वर्षं मला लहानपणी जे खेळवलं तेच खेळवत आले, डॉजबॉल, लंगडी, खो-खो. मागच्या महिन्यात पाय मुरगळला म्हणून खुर्ची टाकून बसले आणि नुसतं बघत राहिले, तेव्हा पहिल्यांदा दिसलं की 35 मिनिटांच्या तासात निम्मी पोरं कडेला बसून माती उकरतायत. डॉजबॉलमधे एक मुलगी दुसऱ्याच मिनिटाला आउट झाली, अंगाने जरा जड आहे, पटकन वाकता येत नाही, मग डाव संपेपर्यंत बसून, नवा डाव लागला तरी परत पहिली तीच. म्हणजे जिला पळायची सगळ्यात जास्त गरज तिलाच आपण सगळ्यात आधी बसवतो, आणि जो पोरगा घरीदारी दिवसभर हुंदडतो तो शेवटपर्यंत खेळतो.

माझं म्हणणं एवढंच की पहिली ते पाचवी बाद करून बाहेर बसवणारे खेळ तासाला बंद करा. आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, स्पर्धेसाठी बारा पोरं निवडून महिनाभर फक्त त्यांनाच खेळवायचं हे तर आधी बंद करा, बाकीच्या 26 जणांचा तास गेला कुठे? कोणी बाद होत नाही असे खेळ आपल्याकडे आहेत की. विषामृत घ्या, विष दिलं की जागेवर थांबायचं, आपल्यातल्याने अमृत दिलं की परत पळायचं. साखळीत पकडला गेलेला साखळीत येतो, बाहेर जात नाही. अगदी कबड्डीतसुद्धा आपण समोरचा गडी मारला की आपला बाद झालेला परत आत येतो.

पटत नसेल तर तसं सांगा, त्यासाठीच लिहिलंय.

खोखोवाली_सातारा
ताई तळमळ कळली पण मला अजिबात पटलं नाही. मी पाचवीत केंद्राला खेळले, मग बीट (काही केंद्रं मिळून), तालुका, जिल्हा, आज 5 टक्के खेळाडू आरक्षणातून सरकारी नोकरीत आहे. आमच्या घरातून पोरीला परगावी एकटीला कोणी पाठवलं नसतं, ते फक्त स्पर्धेच्या नावाखाली पाठवलं, बाई बरोबर आहेत म्हणून. तुम्ही म्हणता निवड बंद करा. निवड बंद केली तर माझ्यासारखीला कोण बघणार होतं? जानेवारी 2025 ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही आपण जिंकलो, आणि दोन्ही कप्तान महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. असे खेळाडू कॉलेजात गेल्यावर तयार होत नसतात, लहानपणीच मातीत बसावं लागतं.

आणि बाद होऊन बाहेर बसणं, दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवणं, हेही शिकायचंच असतं ना? ते चौथीत नाही शिकवलं तर कधी शिकवणार?

चौथीची_बाई
टाळ्या वाजवायला शिकवते मी, पण दर बुधवारी तीच सहा पोरं टाळ्या वाजवतात हो. तुमचाच खेळ घेते उदाहरणाला. खो-खोत पाठलाग करणारे 9, त्यातले 8 बसलेले, धावतो एक. बचावाचे मैदानात 3. म्हणजे 38 पोरांत एका वेळी धावणारे चार! बाकीचे वाट बघतायत. जागतिक आरोग्य संघटना सांगते 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल केली पाहिजे, आणि माझ्या वर्गातल्या काही मुलांना त्या तासात पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत, तास आठवड्यातून दोनदा.

खोखोवाली_सातारा
"बसलेले" म्हणू नका ताई, ते बसणं म्हणजे आराम नाही. एक पाय मागे, हात जमिनीला, नजर पळणाऱ्यावर, पाठीमागून कधी खो येईल आणि त्या क्षणाला सुटायचं. एकदा बसून बघा तसं दोन मिनिटं, मांड्या भरून येतात. तुमच्या पोरांचं होत नसेल तर बसायला शिकवलं नाही कोणी, खेळाचा दोष नाही तो.

दोनशिक्षकी
दोघींचं वाचलं. आता आमचं ऐका. शाळेचा पट, म्हणजे एकूण मुलं, 41, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (आरटीई) 60 पर्यंत दोनच शिक्षक, पाच वर्ग. मी पहिली-दुसरीला वाचन घेत असतो तेव्हा तिसरी ते पाचवीचे सर पोषण आहाराची नोंद करत असतात नाहीतर कुठली तरी माहिती ऑनलाइन भरत असतात. अशा वेळी पोरांच्या हातात बॉल दिला आणि म्हटलं जा खेळा, तर तो आमचा खेळाचा तास. कोण बाद झालं कोण बसलं हे बघायला माणूसच नाही. कायद्यात प्रत्येक शाळेला मैदान हवं असं लिहिलंय, आमचं मैदान म्हणजे उतारावरची मुरूम जमीन, गुडघे फुटले की पालक सकाळी दारात. तरी पोरं हसत खेळतात, मला तेवढं पुरे वाटतं. प्रत्येक गोष्टीत उद्दिष्ट आणि नोंदी आणल्या की हाही तास मेला म्हणून समजा. एकच तास आहे ज्याला मोठी माणसं मधे येत नाहीत, तो तसाच राहू द्या.

ठाण्याचा_बाबा
मी शिक्षक नाही, पालक आहे, मुलगा तिसरीत, खाजगी शाळा. आमच्याकडे आउट व्हायचासुद्धा प्रश्न येत नाही कारण तासच होत नाही. परीक्षा जवळ आली की पीटी गणिताला. एकाने गृहपाठ केला नाही की अख्ख्या वर्गाची पीटी बंद. आणि वर्गात बोललं तर दहा उठाबशा, ग्राउंडला दोन राउंड. म्हणजे खेळ काढून घेणं हीपण शिक्षा आणि व्यायाम करायला लावणं हीपण शिक्षा, मग पोराने व्यायाम आवडीने करायचा कधी? बुधवारी रात्री तो बूट स्वतः पुसून ठेवतो, गुरुवारी घरी आला की मी विचारतच नाही आता, तोंडावरून कळतं.

बीपीएड_विदर्भ
बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करून नऊ वर्षं झाली, तीन वर्षं अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, होतो. आधी नियम सांगतो कारण गैरसमज खूप आहेत. सहावी ते आठवीला आणि तेही पट 100 च्या वर असेल तरच अंशकालीन निदेशक, पहिली ते पाचवीला काहीच तरतूद नाही. आणि नेमकं सहा ते दहा हेच वय आहे ज्यात पळणं, उडी, फेकणं, झेलणं, तोल सांभाळणं हे बसतं. ते बसलं नाही की पोरगं मोठेपणी खेळापासून लांब राहतं, लाजतं.

आता चौथीच्या बाईंना, राग मानू नका. विषामृत खेळवून तुमचा प्रश्न सुटणार नाही. ती जड मुलगी विषामृतातही पहिली विष खाऊन उभी राहणार आणि तिला अमृत द्यायला कोणी येणार नाही, पोरं आपल्या दोस्ताला आधी सोडवतात, मग जमलं तर बाकीच्यांना. तिला खेळ बदलून नकोय, तिला वाकायला, वळायला, चेंडू झेलायला कोणीतरी शिकवायला हवंय. 38 पोरांना एक चेंडू हीच मूळ चूक. चिंध्यांचे चेंडू करा, मोज्यात कोंबून शिवा, प्रत्येकाच्या हातात एक. दहा मिनिटं सगळे फेकतायत आणि झेलतायत, रांग नाही, बाद नाही. मग उरलेला वेळ खेळा डॉजबॉल, काही बिघडत नाही.

दोनशिक्षकी सर, तुमची अडचण खरी आहे पण "जा खेळा" म्हटलं की बॉल पाचवीच्या चार पोरांकडे राहतो, मुली भिंतीला टेकून उभ्या. आठवून बघा.

दोनशिक्षकी
आठवायची गरज नाही, रोज दिसतं. मुलींचं खरंय. पण चेंडू शिवून आणेन, बघायला माणूस कुठून आणू?

चौथीची_बाई
बीपीएड सर, राग नाही, उलट घशात आवंढा आला वाचून. परवा विषामृत घेतलं होतं आणि ती मुलगी हात पसरून उभीच होती, मी लांबून ओरडले अगं कोणीतरी सोडवा तिला, तेव्हा एक जण गेला. आणि मी मनात नोंद केली होती की खेळ चांगला चालला. चेंडूचं उद्याच करते, घरोघरी जुने मोजे मागवते.

स्पर्धेच्या महिन्याबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. सराव घ्या, शाळा सुटल्यावर घ्या, मी थांबेन. तासाला 38 च्या 38 हवेत.

खोखोवाली_सातारा
शाळा सुटल्यावर पोरींना घरी पाणी भरायचं असतं, भाऊ सांभाळायचा असतो, त्यांना कोण थांबू देणार? मला शाळेच्या वेळेत सराव मिळाला म्हणून मी खेळले. ह्या मुद्द्यावर मीपण हटत नाही.

पण चार जणच धावतात ह्यावर रात्री विचार केला. एक मोठं मैदान आखू नका, चार छोटी आखा. प्रत्येकात चार बसलेले, एक धावणारा, बचावाला दोन, डाव दीड मिनिटाचा. वीस पोरं पाठलागाला आणि आठ पळायला झाली, राहिलेली दहा पुढच्या डावाला लगेच आत. चुना नसेल तर चुलीची राख चालते. खांब म्हणून पोरं उभी करू नका, जोरात धडकतात, दोन लिटरच्या बाटल्यांत वाळू भरून ठेवा. आणि त्या मुलीला पहिल्या दिवशी पाठलागाला बसवा, खांबाजवळच्या चौकोनात, तिथे खो बऱ्याचदा मिळतो.