जंगलाला हात लावायचा, पण कसा?

जंगल वाचवायचं तर माणसाने तिथून बाहेर पडावं, बाकी निसर्ग बघून घेईल, असं काही जण म्हणतात. तळमळ समजते, पण मला हे पटत नाही.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) बघा. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकते. आता बांबूचंच घ्या. बेटातून पक्का बांबू वर्षानुवर्षं काढलाच नाही, तर आत जुन्या काठ्यांची गचडी होते, पावसाळ्यात येणारे कोंब वाकडे वाढतात किंवा दबून मरतात. उलट कोवळे तोडले तर बेटच संपतं. म्हणून पक्के काढायचे, यंदाचे-गेल्या वर्षीचे राखायचे, आधाराला काही जुनेही ठेवायचे. हा विळा कुठे चालवायचा ते रोज तिथे वावरणाऱ्यालाच नेमकं कळतं. ठेकेदाराच्या मजुराला दिवसाचा आकडा गाठायचा असतो, त्याला दोष तरी काय द्यायचा!

वणव्याचंही तसंच. मोहफुलं सहज वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग पसरते. तोच पाला झाडून बाजूला केला, तर आग लावावीच लागत नाही. पण कुणीतरी झाडायला हवा, आणि उद्याची फुलंही आपलीच आहेत याची खात्री असेल तरच तो झाडेल. हक्क आधी द्या, असं मी म्हणतो ते यासाठीच.