सदस्य सभागृहात, नागरिक पडद्यावर: नियम एकच हवा की दोन?

बाकावरचा
स्थानिक स्वराज्य संस्थांच्या बैठकांना घरून हजेरी लावू द्यावी की नाही, हा वाद महामारी ओसरली तरी मिटलेला नाही. इंग्लंडमध्ये कौन्सिलांना ऑनलाइन बैठकांची तात्पुरती मुभा होती, ती 7 मे 2021 ला संपली. त्याच्या थोडंच आधी उच्च न्यायालयाने निकाल दिला होता की 1972 च्या कायद्यानुसार बैठक प्रत्यक्षच घ्यावी लागेल, ऑनलाइन हवी असेल तर संसदेने कायदा बदलावा. शेजारच्या वेल्सने त्याच वर्षी उलटा कायदा केला: एका जागी नसलेल्यांनाही भाग घेता येईल अशी सोय कौन्सिलने करायलाच हवी.

मला दोन्ही टोकं पटत नाहीत, कारण दोन्हीकडे मुख्य चर्चा सदस्यांच्या सोयीची. सदस्य मत देतो, लोकांचा पैसा खर्च करतो. त्याने सभागृहात यावं, लोकांच्या नजरेला नजर द्यावी. नागरिकाला मात्र आपल्या गल्लीबद्दल जेमतेम दोन-तीन मिनिटं बोलायचं असतं. त्यासाठी त्याची अख्खी संध्याकाळ का घालवायची? प्रत्यक्षात घडतं भलतंच. कॅलिफोर्नियातल्या काही शहरांनी 2023 मध्ये नागरिकांचं दूरस्थ बोलणं बंद केलं, आणि त्याच काळात सदस्यांसाठी मात्र घरून हजेरीची सवलत कायद्यात होती!

आडवा_प्रश्न
असहमत. ती शहरं काही खुळी नव्हती. कुठल्या कुठे बसलेली माणसं नाव न सांगता फोन लावून ज्यूंबद्दल, कृष्णवर्णीयांबद्दल गरळ ओकत होती. कुणी काय बोलावं यावर तिथे सरकारी संस्थेला फारसा लगाम घालता येत नाही, म्हणून त्यांनी वाटच बंद केली. सभागृहात येऊन, सगळ्यांसमोर उभं राहून तेच बोलायची हिंमत फार थोड्यांना होते. बैठकीला येण्याची तोशीस पडते तीच चाळणी आहे.

बाकावरचा
@आडवा_प्रश्न, ती चाळणी शिवराळ माणसाला अडवते तशी रात्रपाळीच्या नर्सलाही अडवते. नोंदणी करून घ्या, पत्ता तपासा, मग बोलू द्या.

इतिवृत्त
इतकं सोपं नाही. कॅलिफोर्नियाचा ब्राऊन कायदा, म्हणजे स्थानिक संस्थांच्या बैठका लोकांसाठी खुल्या ठेवायला लावणारा कायदा, 1953 चा. नाव-पत्ता नोंदवल्याशिवाय बैठकीला बसू देणार नाही, अशी अट संस्थेला घालता येत नाही. हेतू चांगला आहे: बिल्डरविरुद्ध बोलायला आलेल्या भाडेकरूची ओळख उघडी पडू नये. तुमची पत्त्याची अट आधी त्या भाडेकरूलाच घरी बसवेल.

खिडकीपाशी
मूळ लेखातल्या 'सदस्याने यावंच' यावर बोलते. मी व्हीलचेअर वापरते. हा नियम निवडून आलेल्यांपुरता नसतो, निवडणुकीला उभं कोण राहणार हेच तो ठरवतो. तान्हं मूल असलेली बाई, डायलिसिसवरचा माणूस, अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करणारा मुलगा, हे अर्जच भरणार नाहीत. मग सभागृहात उरतील धडधाकट, निवृत्त आणि घरचं काम दुसऱ्यावर टाकू शकणारे. त्यांची नजरेला नजर तुम्हाला लखलाभ.

बाकावरचा
अपवाद ठेवायला माझी ना नाही. कारण द्या, परवानगी घ्या.

खिडकीपाशी
म्हणजे दर वेळी आपलं आजारपण चव्हाट्यावर मांडा!

इतिवृत्त
यावर एक बरा तोडगा निघाला होता. कॅलिफोर्नियात ब्राऊन कायद्याला 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीत, तातडीची अडचण असलेल्या सदस्याने ती ढोबळमानाने सांगायची होती. तेही साधारण 20 शब्दांत, आजाराचं नाव सांगायची सक्ती नाही. शिवाय कोरम, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, प्रत्यक्ष एका जागी बसलेल्या सदस्यांचाच धरायचा. म्हणजे एखादा घरून आला तरी बैठक हवेत तरंगत नाही.

माझा सगळा भर मात्र किरकोळ वाटणाऱ्या कलमांवर आहे. मी अनेक वर्षं बैठकांची इतिवृत्तं लिहिली, भांडणं तिथेच होतात. आवाजी मतदान घ्यायचं नाही, प्रत्येकाचं नाव पुकारून मत नोंदवायचं. पडद्यावर चौकोन दिसतो म्हणून माणूस हजर धरायचा नाही, कॅमेरा आणि आवाज दोन्ही चालू हवेत. खोलीत आणखी कुणी प्रौढ व्यक्ती असेल तर ते आधी जाहीर करायचं. (ही अटही त्याच दुरुस्तीतली. वाचायला हास्यास्पद वाटते, पण कॅमेऱ्यामागे बसून सदस्याला उत्तरं पुरवणारा कंत्राटदार डोळ्यांपुढे आणा.) गोपनीय चर्चेला तर मी दूरस्थ हजेरी देणारच नाही.

आणि म्यूटचं बटण कुणाच्या हातात? इंग्लंडच्या चेशायरमधल्या हँडफोर्थ पॅरिश कौन्सिलची (म्हणजे गावपातळीवरच्या संस्थेची) डिसेंबर 2020 ची झूम बैठक आठवा. सूत्रं सांभाळणाऱ्या बाईंनी खुद्द अध्यक्षांनाच बैठकीबाहेर काढलं. जगाने ती चित्रफीत पाहून पोट धरून हसून घेतलं. बाईंना तसा अधिकार नव्हता, असं पुढे चौकशीत म्हटलं गेलं. अध्यक्षांचं वागणं कसं होतं हा वेगळा विषय. सभागृहात कुणाला बाहेर काढायचं तर ठराव लागतो, हाक मारावी लागते, नोंद होते. पडद्यावर एक बोट पुरतं. ते बोट कुणाचं, कुणाच्या आदेशावरून, आणि त्याची नोंद कुठे, हे नियमात नसेल तर बाकी नियमावली कितीही देखणी असो, मला तिचं कौतुक नाही.

रातराणी
इतका काथ्याकूट कशाला? आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याने संचालकांना व्हिडिओवरून हजर राहू दिलंच आहे. कोट्यवधींचे निर्णय होतात. कुणाचं काही अडलं?

आडवा_प्रश्न
संचालकांची बैठक बंद दाराआड असते हो. तिथे मागच्या बाकावर बसून 'आमच्या पाण्याचं काय?' विचारणारं कुणी नसतं. सार्वजनिक बैठकीत सदस्याला ते तोंड चुकवता येऊ नये. एवढ्यापुरता मी @बाकावरचा यांच्या बाजूने आहे, नागरिकांच्या फोनबद्दल नाही.

सोनचाफा
कॅमेरा सक्तीचा म्हणता, पण जिथे रेंजच धड नाही तिथला सदस्य काय करणार? नुसत्या आवाजावर भागवा की.

इतिवृत्त
चर्चेपुरतं भागवा, मतदानाला नको. आवाज कुणाचाही काढता येतो.

रातराणी
बरं, आणि ऐन ठरावाच्या वेळी लिंकच तुटली तर?

इतिवृत्त
कॅलिफोर्नियाच्या त्याच दुरुस्तीत म्हटलं होतं की प्रक्षेपण तुटलं किंवा लोकांना दुरून बोलता येईनासं झालं, तर ते पूर्ववत होईपर्यंत कार्यसूचीवरच्या विषयांवर निर्णय घ्यायचा नाही. मला हे योग्य वाटतं.

आडवा_प्रश्न
वा! म्हणजे अल्पमतातल्या गटाने ठराव पाडायची मेहनतच घ्यायला नको. राउटरची वायर काढली की बैठक ठप्प.

इतिवृत्त
म्हणून वेळेची मर्यादा घाला. अर्धा तास वाट पाहायची, मग तो विषय पुढच्या बैठकीत पहिल्या क्रमांकावर. वायर दोनदा निघाली तर ती कुणी काढली हे तोवर सगळ्यांना कळलेलं असतं.

आडवा_प्रश्न
कळेल हो. पण तोवर निविदेची मुदत टळलेली असेल, त्याचं काय?