‘सेट’ या एका क्रियापदाचे इतके अर्थ कसे काय? मुलीला समजावून सांगायचंय

रामबागची_आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी आठवीत आहे, शाळा इंग्लिश मीडियमची, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, म्हणजे इंदूरच्या आपल्या बहुतेक घरांसारखंच. परवा गोष्टीचं पुस्तक वाचताना तिला एकाच पानावर ‘सेट’ चार वेळा भेटला. सूर्य सेट झाला, टेबल सेट केलं, मंडळी सेट आऊट झाली आणि जेली सेट झाली. डिक्शनरी उघडली तर यादी संपेचना, मग वही घेऊन उतरवायला बसली आणि तिसऱ्या पानावर रडकुंडीला आली की आई हे सगळं पाठ करायचं का. त्यात सकाळी ती म्हणाली दही सेट नाही झालं, तर सासूबाई म्हणाल्या, अगं दही लागलं नाही म्हण. मी स्वतः दही जमलं नाही म्हणते, हिंदीतून आलंय ते माझ्या तोंडात.

तर विचारायचं हे की या सगळ्या अर्थांना धरून ठेवणारं काही आहे का, का नुसतं पाठांतर? आणि तिचा अजून एक प्रश्न, ‘सेटेड’ का होत नाही?

जुना_जुळारी

ताई, पाठांतर नको. मी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवण्याचं काम केलं बरीच वर्षं, आणि तिथे हा शब्द रोजचा. मॅटर सेट झालं का, एवढंच विचारायचे. स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, हातात धरायची, केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून, एकेक खिळा उचलायचा आणि ओळीत उभा करायचा, ओळ सैल राहिली तर मध्ये स्पेस घालून ती घट्ट बसवायची. सैल ओळ उचलताना सगळे खिळे सांडतात, तेव्हा घट्ट बसणं हाच त्या कामाचा जीव होता. सराफ्यात अंगठीत खडा बसवतात त्यालाही इंग्रजीत सेटच म्हणतात, आणि मोडलेलं हाड बसवण्यालाही सेटच. मुलीला सांगा सेट म्हणजे बसवणे. निम्मी वही तिथेच संपेल.

शब्दवेल्हाळ_इंदूर

काकांनी नेमकं मर्मावर बोट ठेवलंय, आणि गंमत म्हणजे शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि सेट हे त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याला बसायला लावणे. आपण बसणे-बसवणे, पडणे-पाडणे, मरणे-मारणे करतो ना, अगदी तसंच इंग्रजीच्या पूर्वज भाषेत व्हायचं. तिकडेही शब्दाच्या पोटातला स्वर बदलायचा. आता इंग्रजीत नवीन जोड्या तशा बनत नाहीत पण जुन्या काही उरल्यात, फॉल म्हणजे पडणे तर फेल म्हणजे झाड पाडणे, लाय म्हणजे आडवं असणे तर ले म्हणजे आडवं ठेवणे, ड्रिंक म्हणजे पिणे तर ड्रेंच म्हणजे मुळात पाजणे आणि मग भिजवून चिंब करणे. मुलीला आधी मराठी जोड्या लिहायला सांगा, मग या दाखवा, तिला ओळखीचं वाटेल.

आणखी मागे गेलं तर हे घराणं आपल्याही घरात आहे. संस्कृतात सद् हा बसण्याचा धातू, सीदति म्हणजे बसतो आणि सादयति म्हणजे बसवतो. सिट आणि सेट याच दोघांचे सख्खे चुलत भाऊ. संस्कृतात द आणि इंग्रजीत ट का, तर दश-टेन, दंत-टूथ, द्वि-टू हे बघा, तोच नियम, याकोब ग्रिमने 1822 मध्ये तो नीट मांडला, परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरला. संसद, परिषद, सभासद, उपनिषद सगळ्यांत हाच सद् आहे. लॅटिनमधून आलेल्या सेशनमध्ये आहे, प्रेसिडेंटमध्येही, म्हणजे पुढे बसणारा. आणि मला सगळ्यात आवडतो तो पक्ष्याचा नीड, म्हणजे घरटं, नि अधिक सद्, खाली बसायची जागा, आणि इंग्रजी नेस्ट हा तोच शब्द. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो.

एक सावधगिरी मात्र. आपलं ‘बसणे’ सद् पासून नाही आलं. ते उपविश् वरून बैसणे आणि मग बसणे असं झालंय, जुन्या अभंगांत बैसणे भेटतंच. म्हणजे अर्थ जुळतो, प्रयोजकाची रीत जुळते, पण शब्दाचं मूळ वेगळं.

‘सेटेड’ बद्दल, जुन्या इंग्रजीत भूतकाळ ‘सेट्टे’ होता. शेपटीचा आवाज मूळच्या ट मध्येच मिसळून गेला आणि नंतर शेवटचा स्वरही गळला, म्हणून तिन्ही रूपं सारखी दिसतात.

नारायणबाग_वाले

दादा बाकी सगळं पटलं पण सूर्याला कोण बसवतं? जेलीला? सगळं बसवणे मध्ये कोंबलं तर पोरगी पुढच्याच पानावर अडेल. टेबल आपण मांडतो, गजर लावतो, आग लावतो, परीक्षेचा पेपर काढतो, उदाहरण घालून देतो, आणि मान्सून सेट इन होतो तेव्हा आपण म्हणतो पाऊस सुरू झाला. इंग्रजीत हे सगळं एका सेटमध्ये. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची 1989 ची आवृत्ती आहे वीस खंडांची, त्यात सगळ्यात लांब नोंद सेटचीच होती, 430 च्या वर अर्थ. पुढे 2011 मध्ये ‘रन’ची नोंद नव्याने केली तेव्हा त्याचे 645 निघाले आणि सेट मागे पडला. मग एक अर्थ धरून कसं चालेल?

शब्दवेल्हाळ_इंदूर

बरोबर आहे तुमचं, आणि सूर्याचं उत्तर तर फार सुंदर आहे. जुन्या इंग्रजीत सूर्य मावळला म्हणजे तो आपल्या ‘सेट्ल’ कडे गेला, सेट्ल म्हणजे बैठक, आसन. पुढे सिट आणि सेट लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळले आणि सूर्य बसायच्या ऐवजी सेट व्हायला लागला. आणि आपला अस्त बघा, वैदिक संस्कृतात अस्त म्हणजे घर, सूर्य अस्ताला जातो म्हणजे घरी जातो. तिकडे आसनावर, इकडे घरी. जेलीचं तसंच, जागच्या जागी बसली, हलायची थांबली. सिमेंटही तसंच.

मांडणे-लावणेबद्दल असं की इंग्रजीचं एक काम मराठीत तीन-चार क्रियापदांनी वाटून घेतलंय. पण बसवणे काही कमी नाही हं, आपण गणपती बसवतो, घट बसवतो, नाटक बसवतो, साडीच्या निऱ्या नीट बसवतो. आणि सासूबाईंचं लागणे तर सेटच्या तोडीचं आहे. भूक लागते, झोप लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, दार लागतं, ठेच लागते, दही लागतं, जावं लागतं, पोर रडायला लागतं. संस्कृत लग्, म्हणजे चिकटणे, आणि लग्न म्हणजे मुळात चिकटलेलं. इंग्रज मुलाला मराठी शिकवायला बसा, तो याच वहीवर रडेल.

जुना_जुळारी

आणि ताई, चहाचा सेट, दागिन्यांचा सेट यात ‘सेट’ नाम आहे, त्याला या हिशोबात धरू नका.

शब्दवेल्हाळ_इंदूर

काका बरोबर, तो समूहवाला सेट फ्रेंचमधून आलाय, लॅटिन सेक्टा वरून, म्हणजे मागोमाग जाणारे, त्याच सेक्टाचा दुसरा वंशज सेक्ट, पंथ. दिसायला सारखा झाला आणि मग क्रियापदाचा रंगही त्याला चढला. त्या मागोमाग जाण्याचं संस्कृत भावंड म्हणजे सच्, ज्यावरून सचिव, बरोबर चालणारा.

रामबागची_आई

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री मुलीने वहीचं पान उभं दुमडून एका बाजूला सेटची वाक्यं लिहिली आणि समोर बसवणे, लावणे, मांडणे, काढणे यांतलं जे जमेल ते, आणि मग खालच्या अर्ध्या पानात लागणेची यादी सुरू केली. त्यात सासूबाई सांगतायत आणि ती लिहितेय. बत्तीसवर आहेत, काल रात्री ‘उचकी लागणे’ला थांबल्या.