विजय मल्ल्या: बिअर विकण्यासाठी स्वतःच जाहिरात झालेला माणूस

उत्तररात्र (धाग्याची सुरुवात)

बँकांची कर्जं थकवून परदेशी गेलेले किंगफिशरवाले विजय मल्ल्या जून २०२५ मध्ये राज शमानी यांच्या पॉडकास्टवर चार तासांहून जास्त वेळ बोलले. त्याच्या दोनच दिवस आधी, एकेकाळी त्यांच्या मालकीच्या असलेल्या बंगळुरूच्या संघाने पहिल्यांदा आयपीएल जिंकली होती, त्यामुळे वातावरण त्यांना अनुकूल होतं. त्यानंतर माझ्या ओळखीतले बरेच जण म्हणू लागले, ‘बिचाऱ्याला उगाच बदनाम केलं.’ मला हे पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर मांडतो.

विठ्ठल मल्ल्या १९८३ मध्ये वारले आणि विशीतल्या विजय यांच्याकडे किंगफिशर बिअर बनवणारा युनायटेड ब्रुअरीज समूह आला. त्यांनी तो वाढवला हे कबूल. २००५ मध्ये शॉ वॉलेस ही दारू कंपनी घेतली, २००७ मध्ये ५९.५ कोटी पौंड मोजून स्कॉटलंडची व्हिस्की कंपनी व्हाइट अँड मॅके घेतली, आणि समूहातल्या युनायटेड स्पिरिट्स या दारू कंपनीने वर्षाला १० कोटी पेट्यांचा टप्पा ओलांडला. हे काम कष्टाचं होतं. पण याच काळात मालक मालापेक्षा मोठा होत गेला. किंगफिशर एअरलाइन्सच्या विमानात बसलं की समोरच्या पडद्यावर ते स्वतः येऊन स्वागत करायचे आणि तुम्ही माझे पाहुणे आहात असं सांगायचे. विमान कंपनीच्या मालकाचं काम विमान वेळेवर आणि परवडणाऱ्या खर्चात उडवणं हे आहे. सूत्रसंचालन करणं हे नाही.

माझं म्हणणं एवढंच: मल्ल्यांचं नुकसान बाजाराने किंवा बँकांनी केलं त्यापेक्षा जास्त त्यांच्या प्रदर्शनाच्या सवयीने केलं. आणि आता त्याच सवयीच्या जोरावर ते लोकांची सहानुभूती मिळवत आहेत.

---

रानवारा

असहमत. तुम्ही ज्याला सवय म्हणता ती धंद्याची गरज होती. २००० साली केबल टीव्हीवर दारूच्या जाहिरातींना बंदी आली. ज्या मालाचं नावसुद्धा जाहिरातीत घेता येत नाही तो विकायचा कसा? मग किंगफिशर सोडा आला, २००३ पासून छायाचित्रकार अतुल कसबेकरांनी टिपलेलं कॅलेंडर आलं, २००५ मध्ये त्याच नावाची विमान कंपनी आली. २००८ मध्ये ११.१६ कोटी डॉलरला घेतलेल्या संघाचं नाव रॉयल चॅलेंजर्स. ते व्हिस्कीच्या ब्रँडवरून आलं हे तेव्हा शाळकरी पोरांनाही कळत होतं. मालकाने स्वतः गुळगुळीत मासिकांत झळकणं ही बंदीतून काढलेली सगळ्यात स्वस्त वाट होती. दुसऱ्या कुणाला ती सुचली नाही, त्यांना सुचली.

आणि विमानाचं म्हणाल, तर जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं, आणि मग जगभर मंदी आली. त्या वर्षांत अनेक विमान कंपन्या रक्तबंबाळ झाल्या. धंदा बुडणं हा गुन्हा नाही. आपल्याकडे बुडालेल्या माणसाला चोर म्हणण्याची घाई फार, म्हणून मराठी घरात अजूनही ‘नोकरी बघ’ हाच सल्ला मिळतो. मला याची खरंच चीड येते.

---

खातेवही

मी सरकारी बँकेत कर्ज विभागात वीसेक वर्षं काढली, म्हणून लिहितो.

रानवारा, जाहिरातबंदीचा मुद्दा तुम्ही नेमका पकडलात, आणि माझ्या मते सगळं दुखणं तिथेच आहे. बिअरमध्ये प्रदर्शन चालतं, कारण बाटलीवरचा नफा त्याचा खर्च उचलतो. विमानात प्रत्येक आसनावर तोच थाट करायचा तर प्रत्येक उड्डाणाला खर्च वाढतो. २००६ मध्ये इंडिगो आली. एकाच प्रकारची विमानं, जेवण विकत, बाकी काही नाही. किंगफिशरला कोणत्याही पूर्ण वर्षात नफा झाला नाही, तेल स्वस्त होतं तेव्हासुद्धा नाही. त्यामुळे १४७ डॉलरवर सगळं ढकलता येत नाही.

एअर डेक्कनचं उदाहरण घ्या. परदेशी उड्डाणासाठी तेव्हा पाच वर्षांचा अनुभव आणि वीस विमानं असा नियम होता. किंगफिशरचा जन्म २००५ चा, म्हणजे २०१० पर्यंत थांबायला हवं होतं. डेक्कन २००३ पासून उडत होती, म्हणून २००७ मध्ये तिच्यात हिस्सा घेतला आणि सप्टेंबर २००८ मध्ये बंगळुरू–लंडन सुरूही केलं. घाईपोटी स्वस्त तिकिटांची, मोठा तोटा असलेली कंपनी गळ्यात बांधून घेतली. एकाच घरात राजेशाही थाट आणि एक रुपयाचं तिकीट, दोन्ही नांदणार कसे?

आता आमच्या बाजूची चूक. ‘किंगफिशर’ या नावाचं, म्हणजे ट्रेडमार्कचं, मूल्य ४,००० कोटींच्या वर काढलं गेलं आणि बँकांनी ते तारण म्हणून धरलं. २०१६ मध्ये तेच नाव ३६६.७० कोटींच्या राखीव किमतीला लिलावात काढलं तेव्हा एकही बोली आली नाही. २०११ मध्ये बँकांनी कर्जाच्या बदल्यात कंपनीचे शेअर घेतले, तेही बाजारभावापेक्षा सुमारे ६० टक्के चढ्या दराने. तारण म्हणून जमीन धरली तर मी मोजणी मागायचो, सातबारा मागायचो. इथे एका माणसाची छबी तारण धरली गेली. ती टेबलावर बसून मंजूर करणारेही या गोष्टीला जबाबदार आहेत, आणि त्यांच्यावर पॉडकास्ट होत नाही.

---

कट्टेकरी

क्रीडाप्रेमी म्हणून एक मुद्दा. मल्ल्यांची फोर्स इंडिया २००८ ला फॉर्म्युला वन मोटार शर्यतींत उतरली, आणि २००९ मध्ये बेल्जियमच्या शर्यतीत तिचा चालक फिझिकेला याने पोल, म्हणजे सुरुवातीची सर्वांत पुढची जागा, मिळवून दुसरा क्रमांक काढला. लहान बजेटचा तो संघ पुढे दोन वेळा संघांच्या मानांकनात चौथा आला. हा नुसता देखावा असता तर जमलं नसतं. त्या माणसाला खेळ कळत होता आणि माणसं निवडता येत होती.

बंगळुरूच्या संघाचंही तेच. आयपीएल जिंकली तेव्हा तो मल्ल्यांचा राहिला नव्हता. युनायटेड स्पिरिट्सबरोबर तो डियाजिओ या ब्रिटिश दारू कंपनीकडे गेला होता. मला त्या रात्री त्यांची आठवण आली हे मी लपवणार नाही. लावलेल्या झाडाचं फळ दुसऱ्याने खाणं फार वाईट असतं.

---

सांजवेळ

झाड, फळ हे सगळं ठीक. पण या धाग्यात अजून एकानेही कर्मचाऱ्यांचं नाव काढलं नाही.

२०१२ मध्ये महिनोन्‌महिने पगार थकले होते. सप्टेंबरअखेर अभियंत्यांनी काम थांबवलं, मग टाळेबंदी, आणि ऑक्टोबरमध्ये परवाना निलंबित. या लोकांनी कुठलंही कॅलेंडर छापलं नव्हतं. त्यांनी विमानं दुरुस्त केली, सामान चढवलं, रात्रपाळ्या केल्या. त्यांच्या घराचे हप्ते आणि मुलांच्या फिया थांबल्या नाहीत.

आणि डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यात साठाव्या वाढदिवसाची पार्टी, त्यात एन्रिके इग्लेसियसचं गाणं! रघुराम राजन तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. बँकांचं एवढं देणं असताना थाटात वाढदिवस केले तर तुम्हाला त्याची पर्वा नाही असाच संदेश लोकांपर्यंत जातो, अशा अर्थाचं ते बोलले होते. रानवारा, जाहिरातबंदीमुळे ही पार्टी करावी लागली का? तेव्हा विकायला ना बिअर त्यांच्या हातात पूर्वीसारखी होती, ना विमान. २ मार्च २०१६ ला ते देश सोडून गेले.

---

रानवारा

सांजवेळ, पार्टीचं समर्थन मी करणार नाही. ती चूक होती, आणि कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तुमचा राग रास्त आहे. मल्ल्यांनी पॉडकास्टमध्ये त्यांची माफी मागितली हेही नोंदवायला हवं.

पण पैशाचं काय? कर्ज वसुली न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये ६,२०३ कोटी आणि ११.५ टक्के व्याज वसूल करायला परवानगी दिली. डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की मल्ल्यांच्या मालमत्तेतून १४,१३१.६ कोटी रुपये सरकारी बँकांना परत मिळाले. मग मल्ल्या हिशेब मागायला कर्नाटक उच्च न्यायालयात गेले तर त्यात गैर काय? ज्याच्याकडून दुपटीपेक्षा जास्त वसूल झालं त्याला ‘बुडवून पळाला’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

---

खातेवही

हिशेब मागण्याचा हक्क आहेच, त्यावर वाद नाही. पण ‘दुपटीपेक्षा जास्त’ हे वाक्य फसवं आहे. ६,२०३ कोटींवर ११.५ टक्के म्हणजे सरळव्याजानेच वर्षाला ७१३ कोटी. मोठी वसुली आली ती २०२१ मध्ये. तोपर्यंत व्याज साचत होतं. शिवाय ही रक्कम त्यांनी आणून दिलेली नाही, जप्त झालेली मालमत्ता विकून आली आहे.

आणि कोणती मालमत्ता, तेही बघा. गोव्याचा व्हिला ८५ कोटींवरून उतरत ७३ कोटींना गेला. विलेपार्ल्याचं किंगफिशर हाऊस १५० कोटींना काढलं होतं, ते वारंवार लिलाव पडून शेवटी ५२ कोटींना विकलं. ‘किंगफिशर’ या नावाला तर गिऱ्हाईकच मिळालं नाही. पैसे आले ते युनायटेड ब्रुअरीजच्या शेअरमधून: जून २०२१ मध्ये हायनेकेन या डच बिअर कंपनीने घेतलेल्या हिश्शाचे ५,८०० कोटींहून जास्त. म्हणजे वडिलांनी उभा केलेला आणि यांनी वाढवलेला बिअरचा साधा धंदाच शेवटी देणं फेडायला उपयोगी पडला.

---

उत्तररात्र

खातेवहींच्या शेवटच्या परिच्छेदाने माझंच मत थोडं बदललं. मी प्रदर्शनाला दोष देत होतो. रानवारा म्हणतात तसं बिअरसाठी ते योग्य शस्त्र होतं हे मी मान्य करतो. ते विमानात आणि बँकेच्या कागदांत नेलं, तिथे चुकलं.

दोन गोष्टींवर मात्र मी ठाम आहे. एक, न्यायालयाने मनाई केली असताना डियाजिओकडून आलेले ४ कोटी डॉलर मुलांकडे वळवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अवमानाचा दोषी धरलं आणि २०२२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा सुनावली. ही धंद्यातली हार नव्हती, तो जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता. चार तासांच्या गप्पांत याचं समाधानकारक उत्तर मला ऐकू आलं नाही.

दोन, रानवारा, तुम्ही १४,१३१ कोटींचा आकडा दिलात. तो बँकांचा आहे. वसुलीच्या रांगेत बँका पुढे राहिल्या, पगार थकलेला लोडर मागे. त्यांनी खरंच माफी मागितली असेल, तर कॅमेऱ्यासमोर बसून नव्हे, इथे परत येऊन त्या रांगेसमोर मागावी.

---

सांजवेळ

सहमत. आणि कट्टेकरी, २००९ च्या त्या पोलचा मलाही आनंद झाला होता. पण संघ २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला तेव्हा तिथल्या चारशेवर लोकांच्या नोकऱ्या नव्या मालकाने वाचवल्या. इथल्या अभियंत्यांसाठी कुणी पुढे आलं नाही.