गंगापूर धरणाच्या काठावरची कच्ची वाट गाड्यांना बंद करावी का?

गोदाकाठ
उन्हाळ्यात गंगापूर धरणाचं पाणी मागे हटलं की गंगावऱ्हे-सावरगावकडचा काठ उघडा पडतो. तिथे बांधलेला रस्ता नाही. गुरं, बैलगाड्या आणि मासे धरणाऱ्यांच्या वर्दळीने पडलेली वाट आहे. सुट्टीच्या दिवशी त्याच वाटेने चारचाक्या पाण्यात चाकं बुडेपर्यंत जातात. ही वाट चारचाकी आणि मोटारसायकलींना बंद करावी, पायी जाणाऱ्यांना खुली ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न मातीचा आहे. ओसरलेल्या काठावरचा गाळ वरून सुकला तरी आत ओलाच असतो. एक गाडी रुतली की दुसरी शेजारून वाट काढते, तिसरी तिच्याही शेजारून. दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, गवत धरत नाही. वळवाचा पाऊस त्या चाकोऱ्यांतूनच धावतो, चाकोऱ्यांच्या घळी होतात आणि माती धरणात उतरते. १९६५ साली पूर्ण झालेलं हे मातीचं धरण नाशिकला प्यायचं पाणी देतं. गाळ साचला की साठा घटतो तो आपलाच. शिवाय टिटवी याच दिवसांत उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. गाडी चालवणाऱ्याला ती दिसणं शक्य नाही.

सावरगावकर
दादा, मातीचं पटलं. पण बंदी आली की फाटक येतं, फाटकाला कुलूप येतं. किल्ली कोणाकडे राहणार? धरणाला जमिनी दिल्या त्या गावांनीच. पाणी ओसरल्यावर गाळपेर जमिनीत हरभरा, भाजीपाला घेणाऱ्याने इंजिन, पाइप, खताच्या गोण्या डोक्यावर न्यायच्या का? ट्रॅक्टरलाही चारच चाकं असतात. शेताच्या वाटेवरचा अडथळा काढायचा अधिकार तहसीलदाराला १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने दिलाय, पण अर्ज, पंचनामा, तारखा होईपर्यंत हंगाम निघून जातो.

इंदिरानगरची वाचक
माझी आई काठी घेऊन चालते. गाडी पाण्याजवळ जाते म्हणूनच तिला नदी दिसते. सरसकट बंदीला माझा विरोध.

गोदाकाठ
ताई, डांबरी रस्ता संपतो तिथे मुरूम टाकून गाड्या लावायची जागा करता येईल, तीही पाणी दिसेल अशा उंचवट्यावर. त्याच्या पुढे मात्र गाडी नकोच. आणि सावरगावकर, कसणाऱ्यांचे ट्रॅक्टर वगळायलाच हवेत, ते मी आधी लिहायला हवं होतं.

पंचवटीकर
न्यूझीलंडमध्ये कागदावरचे रस्ते असतात. नकाशात साधारण २० मीटर रुंदीचा पट्टा आखलेला, बरेचदा समुद्राच्या किंवा नदीच्या काठाने जाणारा, कधीच न बांधलेला. तरीही त्यावरून जायचा लोकांचा हक्क कायम. असा रस्ता कायमचा बंद करायचा तर स्थानिक परिषदेला जाहीर सूचना काढावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात, आणि हरकत फेटाळूनही परिषदेला रस्ता बंद करायचाच असेल तर प्रकरण पर्यावरण न्यायालयात जातं. तिथेही किनाऱ्याची जमीन वाचवायची की लोकांची वाट, हा झगडा आहेच. पण हक्क आधी नोंदलेला असल्यामुळे तो गुपचूप बुडत नाही.

आपल्याकडे गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने दाखवतात. ही वाट त्यात कुठून येणार? ती वर्षातले काही महिने पाण्याखालीच असते आणि जमीन संपादित झालेली. म्हणजे आज बंद केली, तर उद्या ती होती हे सिद्ध करायला कागद नाही. म्हणून मी गोदाकाठ यांच्या विरोधात आहे. आधी वाट मोजा, नोंदवा, मग नियम लावा.

गोदाकाठ
नोंदणी व्हावीच. पण मोजणी होईपर्यंत किती उन्हाळे जातील? निदान मार्च ते जून हंगामी बंदी आताच करता येते. कसणाऱ्यांची आणि मासे धरणाऱ्यांची यादी ग्रामसभेत वाचून फळ्यावर लावावी, त्यांना कोणी अडवू नये.

सावरगावकर
हंगामी चालेल. फक्त यादी ग्रामसभेतच ठरावी, ऑफिसात नाही. आणि मोजणी होईल तेव्हा काठालगतच्या खासगी प्लॉटांची तारेची कुंपणं पण मोजा. ती पाण्याकडे सरकलेली निघाली तर पहिली कारवाई तिथे करा, मग आमच्या ट्रॅक्टरकडे या.